‘सवय असलेला’ कैदी: तुरुंगातल्या कामाला जात कशी चिकटली

उत्तर प्रदेशच्या कारागृह नियमावलीत एक नियम होता, क्रमांक 289. साध्या कैदेची शिक्षा झालेल्याला हलक्या प्रतीचे किंवा मान खाली घालायला लावणारे काम देऊ नये, पण तो अशी कामे करण्याची सवय असलेल्या वर्गातला किंवा समाजातला असेल तर द्यायला हरकत नाही, असा त्याचा मथितार्थ. ही नियमावली ब्रिटिशांच्या काळातली नव्हे, 2022 ची आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात ज्या नियमांवर फुली मारली, त्यांत हा एक होता.

त्यातला ‘सवय’ हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. साध्या कैदेचा अर्थच असा की सक्तीची मजुरी नाही. पण एखाद्याच्या आजापणजाने मैला उचलला असेल, तर ते काम त्याच्यासाठी मजुरी ठरत नाही, सवय ठरते. हा शब्द तुरुंगाच्या कारभारात कुठून आला, याचा माग काढायला शौचकुपाऐवजी चुलीपासून सुरुवात करावी लागते.

चूल, लोटा आणि तडजोड

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल इलाख्यातल्या कैद्याला शिधा मिळत नसे, रोजचे काही पैसे मिळत. तो वाण्याकडून पीठमीठ घेई आणि स्वतःची चूल मांडून स्वतःपुरते रांधी. दिवसा साखळदंड घालून सडकेच्या कामावर जायचे आणि परतल्यावर आवारात शेकडो चुली पेटायच्या. कारभाराच्या नजरेने ही उधळपट्टीच होती, कारण कामाचे तास रांधण्यात जात, पैशात कुणी चार दमड्या मागे टाकी आणि बाजाराशी संबंध राही.

मेकॉलेच्या पुढाकाराने नेमलेल्या तुरुंग-शिस्त समितीने 1838 मध्ये अहवाल दिला. सडकेवरची मजुरी बंद करून कैद्याला भिंतीआड कामाला लावावे आणि आहार ठरवून द्यावा, असा तिचा रोख होता. पैशाच्या जागी शिधा आला आणि 1840 च्या दशकात सामाईक पंगतीचा प्रयोग सुरू झाला. दुसऱ्याच्या हातचे खाल्ले तर जात जाईल म्हणून बिहारमधल्या तुरुंगांत दंगे उसळले. 1855 मध्ये आरा आणि मुझफ्फरपूरच्या तुरुंगांत कैद्यांचे पितळी लोटे काढून मातीची भांडी देण्यात आली. पितळी लोटा डोक्यात घातला की त्याचे हत्यार होते, हे सरकारचे कारण. कैद्यांचे म्हणणे वेगळे होते. पितळ राखेने घासले की शुद्ध होते, माती होत नाही, आणि शौचाला नेलेले मातीचे भांडे पुन्हा तोंडाला कसे लावायचे? मुझफ्फरपुरात आसपासचे शेतकरी तुरुंगाकडे धावून आले आणि प्रशासनाला लोटे परत द्यावे लागले.

दोनच वर्षांनी, 1857 मध्ये, उठाववाल्यांनी गावोगावचे तुरुंग फोडले. त्यानंतर कैद्याच्या धर्माला हात लावण्याची हिंमत सरकारने केली नाही. पण स्वतंत्र चुलीही परवडणाऱ्या नव्हत्या. मग मधला मार्ग निघाला, तो म्हणजे सर्वांसाठी एकच स्वयंपाकघर पण आचारी ब्राह्मण किंवा ‘पुरेशा वरच्या’ जातीचा. त्याच्या हातचे कुणीही खाऊ शकतो, म्हणून दंगा होत नाही.

या तडजोडीचा एक भाग कागदावर स्पष्ट आला, दुसरा गृहीत धरला गेला. ज्यांनी दंगा केला त्यांचा आक्षेप ‘धर्म’ म्हणून नोंदला गेला. संडास साफ करणाऱ्यांनी दंगा केला नव्हता. त्यांचे काम ‘सवय’ म्हणून नोंदले गेले.

कायद्यात नाही, नियमात आहे

1894 चा कारागृह अधिनियम (त्या वर्षीचा नववा कायदा) उघडून पाहिला तर कलम 27 मध्ये कैद्यांना वेगळे ठेवण्याचे निकष सापडतात: स्त्री आणि पुरुष, 21 वर्षांखालील आणि त्यावरील, खटला चालू असलेले आणि शिक्षा झालेले, दिवाणी आणि फौजदारी. जात त्यात कुठेच नाही. कलम 35 म्हणते, सक्तमजुरीच्या कैद्याकडूनसुद्धा दिवसाला 9 तासांहून अधिक काम सहसा घेऊ नये. तिथेही जात नाही.

जात आत शिरली ती कलम 59 च्या दाराने. नियम करण्याचा अधिकार हे कलम प्रांतिक सरकारांना देते. कोणी कुठले काम करायचे, कोणी रांधायचे, कोणी झाडायचे, हे सगळे त्या नियमांत जाऊन बसले. कायदा विधिमंडळात वाचला जातो. नियमपुस्तिका अधीक्षकाच्या टेबलावर असते आणि तिचे तपशील तिथला कारकून सोडला तर कुणी वाचत नाही.

त्या काळी तुरुंगातले शौचकूप कोरड्या मातीच्या पद्धतीचे असत. खाली कुंडी, वर बसायची जागा, शेजारी चाळलेल्या कोरड्या मातीचा ढीग. प्रत्येक वापरानंतर माती टाकायची. सकाळी कुंड्या उचलून बागेतल्या उथळ चरात रिकाम्या करायच्या, चर बुजवायचे, पुढे त्याच जागी भाजी लावायची. पद्धत वाईट नव्हती, पण नाजूक होती. पावसाळ्यात माती ओली झाली की ती वास धरत नाही, कुंडी वेळेत उचलली नाही की माशा, आणि माशा झाल्या की हगवण. तुरुंगातल्या मृत्यूंत हगवणीचा आणि पटकीचा वाटा मोठा असल्यामुळे हे काम एक दिवसही चुकवून चालत नसे. रोज ठरावीक माणसे हवीत, आणि ‘मला जमणार नाही’ असे म्हणण्याची सोय नसलेली हवीत. मध्य प्रदेशच्या नियमांत शौचाच्या वेळी प्रत्येक संडासापाशी मेहतर हजर असला पाहिजे, अशी तरतूद थेट 2024 पर्यंत टिकली.

रत्नागिरीचा कैदी

वरच्या जातीच्या कैद्याने हे काम मागून घेतले तर? हा प्रश्न कोकणात खरोखरच उभा राहिला. कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे अप्पासाहेब, 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी भंगीकाम मागितले (तेव्हाच्या कागदपत्रांतला हाच शब्द). जन्माने ब्राह्मण असल्यामुळे नकार मिळाला. शिक्षा म्हणून दिलेले काम कैद्याने नाकारणे हा तुरुंगातला गुन्हा, आणि इथे तुरुंग काम नाकारत होता. अप्पासाहेबांनी अन्न कमी केले.

येरवड्यात असलेल्या गांधींना हे कळले. याच तुरुंगात 24 सप्टेंबर 1932 ला पुणे करार झाला होता, त्याला जेमतेम दहा आठवडे झाले होते. 3 डिसेंबरला गांधींनी अप्पासाहेबांच्या पाठिंब्यासाठी उपवास सुरू केला. प्रश्नाचा विचार करण्याचे आश्वासन सरकारकडून आल्यावर दुसऱ्या दिवशी तो सुटला. गांधींच्या उपवासांच्या यादीत हा सर्वांत कमी चर्चिला गेलेला असावा, पण तुरुंगाच्या इतिहासात त्याचे वजन मोठे आहे. जातीचा नियम दोन्हीकडून बांधलेला असतो, खालच्याला काम सोडता येत नाही आणि वरच्याला ते घेता येत नाही, हे सरकारी पत्रव्यवहारातूनच उघड झाले. अप्पासाहेब पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात संडासाच्या सुधारित बांधणीवर आणि मेलेल्या गुरांच्या कातड्यावर काम करत राहिले, ते याच धाग्याने.

तारेच्या कुंपणातले ‘सराईत’

दुसरा धागा सोलापूरकडे जातो. अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार धरणारा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेत लागू झाला, 1911 च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत झाली. आतल्या माणसांनी गिरणीत काम करायचे आणि हजेरी द्यायची. शहरातला तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला, पण मुंबई राज्यात 1959 चा सराईत गुन्हेगार अधिनियम आला आणि पोलिसांच्या वहीतली बरीच नावे तीच राहिली.

तुरुंगाच्या नियमांत ही भाषा जशीच्या तशी आली. पश्चिम बंगालच्या 1967 च्या संहितेत रात्रीचा पहारा देणारा कैदी निवडताना भटक्या जमातींसारख्या, ‘पळून जाण्याची उपजत ओढ’ असलेल्या वर्गातला तो नसावा, अशी अट होती. पहाऱ्याचे काम म्हणजे थोडी सत्ता, थोडी मोकळीक आणि शिक्षेत माफी. जन्मावरून ते नाकारले की शिक्षाच लांबते. त्याच संहितेत सफाईसाठी मेहतर किंवा हाडी जातीचे कैदी घ्यावेत, असेही लिहिले होते.

पुस्तिका का बदलल्या नाहीत

संविधान 1950 ला आले. राजस्थानचे तुरुंग नियम 1951 चे, बंगालची संहिता 1967 ची, महाराष्ट्राची पुस्तिका 1979 ची. म्हणजे संविधान समोर असताना जुन्या पुस्तिका नव्याने छापल्या गेल्या. कारण साधे आहे. तुरुंग हा सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीचा विषय, चौथी नोंद. केंद्राच्या आदर्श पुस्तिका (1960, 2003, 2016) केवळ सल्ला. राज्याची समिती बसते, जुना मजकूर समोर ठेवते, पगाराचे आकडे आणि पदनामे बदलते, बाकी परिच्छेद तसेच उचलते. नियम 289 सारखा मजकूर 2022 पर्यंत येतो तो असा, द्वेषातून कमी आणि आळसातून जास्त.

डिसेंबर 2020 मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांचा या विषयावरचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. राजस्थान उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्या राज्याने 2021 मध्ये नियम बदलले. एकच राज्य बदलले म्हणून शांता सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने अनुच्छेद 14, 15, 17, 21 आणि 23 यांचा आधार घेऊन हे नियम रद्द केले. अनुच्छेद 23 म्हणजे वेठबिगारीची बंदी. सक्तमजुरी स्वतः वेठबिगारी ठरत नाही, मात्र वाजवी वेतन द्यावे, असे न्यायालयाने 1998 मध्ये गुजरातच्या खटल्यात म्हटले होते. 2024 मध्ये त्यापुढचे पाऊल पडले: मजुरी कायदेशीर असली तरी तिचे वाटप जातीने केले, तर ती वेठ ठरते. राज्यांना पुस्तिका सुधारायला 3 महिने मिळाले. नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायचा आणि ‘सराईत’ हा शब्द फक्त त्या त्या राज्याच्या कायद्यातल्या व्याख्येपुरता वापरायचा, असा आदेश झाला.

रकाना गेला, पुढे काय

बराकीतले वाटप नियम वाचून होत नाही. कैदी आत येतो, झडती होते, नोंद होते, वैद्यकीय तपासणी होते आणि तो बराकीत जातो. तिथे आडनाव, जिल्हा, गाव आणि वकील कोण, हे चार प्रश्न पहिल्या संध्याकाळीच विचारले जातात. विचारणारा अधिकारी नसतो, जुना कैदी असतो. 1894 च्या कायद्याचे कलम 23 तुरुंगाचा अंमलदार नेमलेल्या कैद्याला लोकसेवक मानते. दुसरीकडे संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या मंडेला नियमांतला चाळिसावा नियम कैद्याच्या हाती शिस्तीचे अधिकार देऊ नका, असे सांगतो. मनुष्यबळ कमी, म्हणून वॉर्डर कैदी, म्हणजे इतरांवर देखरेख करणारे कैदी, हवेत. कामाची यादीही मग तेच सुचवतात.

न्यायाधीन बंद्यांचा, म्हणजे खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्यांचा, तिढा वेगळा. 2022 अखेर देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते. त्यांच्याकडून सक्तीने काम घेता येत नाही. मग बराकीतला संडास कोण धुणार? मुंबई मध्यवर्ती कारागृहाची मंजूर क्षमता अनेक वर्षे 804 होती आणि आत अनेकदा 3,000 हून अधिक माणसे असत. इतक्या लोकांचा संडास दिवसातून अनेकदा धुवावा लागतो. ज्याची मुलाखत (नातेवाइकांची भेट) येते, ज्याच्या नावावर मनीऑर्डर जमा आहे, तो कँटीनमधले बिस्किटाचे पुडे देऊन आपली पाळी चुकवतो. ज्याला भेटायला कुणी येत नाही, तो पाळी घेतो. कागदावर याला ‘स्वेच्छा’ म्हणतात. मैल्याचे चेंबर तुंबले की हाच माणूस आत उतरवला जातो. 2013 चा हाताने मैला साफ करण्याच्या बंदीचा कायदा तुरुंगातही लागू आहे, हे निकालात मुद्दाम सांगावे लागले ते म्हणूनच.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांनी मिळून नियमित तपासणी करावी, असाही आदेश आहे. अशा भेटीत स्वयंपाकघर दाखवतात, वाचनालय दाखवतात, सुतारकामाचा कारखाना दाखवतात. मागायची ती कामवाटपाची वही, लागोपाठच्या तीन महिन्यांची. पाहायचे ते असे: सफाईची नावे दर महिन्याला बदलतात की तीच राहतात. सफाईवरून स्वयंपाकघरात किंवा कार्यालयात बदली झालेले एक तरी नाव आहे का. वेतनाच्या वहीत सफाईला अकुशल आणि पोळ्या लाटण्याला अर्धकुशल धरले असेल, तर ते कुठल्या आदेशाने. आणि कच्च्या कैद्यांच्या बराकीसाठी वहीत एकही सफाईवाला नसेल, तर त्या बराकीचा संडास आज सकाळी कोणी धुतला, हे अधीक्षकाच्या खोलीत न विचारता बराकीतच विचारायचे.