शुद्ध स्वरांतलं रडू
फेब्रुवारी २०११, लंडनचं ओटू अरीना, ब्रिट या संगीत पुरस्कारांचा सोहळा. ब्रिटिश गायिका अडेल नुसत्या पियानोच्या साथीवर ‘समवन लाइक यू’ गायली. गाणं संपता संपता तिचेच डोळे भरून आले. ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ४७व्या क्रमांकावर असलेलं ते गाणं त्यानंतर थेट पहिल्यावर जाऊन बसलं.

प्रियकर दुसरीकडे संसाराला लागलाय, एवढीच गोष्ट. गंमत अशी, की गाणं ‘ए मेजर’मध्ये आहे. म्हणजे आपल्या हिशेबानं बिलावल, सगळे शुद्ध स्वर. एरवी प्रसन्न समजलं जाणारं हे सप्तक. मग घसा दाटतो कशानं?

इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात जॉन स्लोबोडा या मानसशास्त्रज्ञानं ८३ श्रोत्यांना विचारलं होतं, की संगीत ऐकताना नेमक्या कुठल्या जागेला तुम्हाला काही होतं? १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अंगावर काटा येण्याच्या जागा वेगळ्या निघाल्या, तिथे स्वरमेळ अचानक बदलत होता. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या जागांत मात्र एक अलंकार पुन्हा पुन्हा सापडला: अपोजियातुरा.

तंबोऱ्यात षड्ज घुमतोय आणि गाणारा जोर देऊन कोमल रिषभावर थांबलाय, अशी कल्पना करा. कान कुरकुरतो. मग गाणारा अलगद षड्जावर उतरतो आणि आपण सुस्कारा सोडतो. अपोजियातुराचं काम साधारण असंच. आपला कणस्वर त्याचा नातेवाईक खरा, पण कण ओझरता लागतो. हा पाहुणा मात्र मात्रेवर ठाण मांडतो आणि मग जागा सोडतो.

२०१२ मध्ये एका अमेरिकन वृत्तपत्रानं अडेलच्या यशाचं श्रेय याच अलंकाराला दिलं. संगीताच्या जाणकारांनी लगेच हरकत घेतली: ज्यांना तुम्ही अपोजियातुरा म्हणताय, ते व्याख्येत बसतच नाहीत! मला हरकत पटते. एका अलंकारानं जग रडलं असतं, तर संगीतकारांनी तो घाऊक वापरला असता. या गाण्यात दुसरंही बरंच आहे. कडव्यात आवाज खाली, जवळजवळ बोलण्यासारखा. ध्रुवपदाला तो एकदम वर झेपावतो. पियानो मात्र खाली तसाच एकसुरी झुलत राहतो, जणू त्याला काही कळलंच नाही.

पण मग शंभराव्यांदा ऐकतानाही तेच का होतं? आता तर धक्का उरलेला नसतो. २०११ मध्येच माँट्रियलच्या संशोधकांनी लोकांना त्यांचीच आवडती गाणी ऐकवून मेंदूतलं डोपामिन, म्हणजे सुखाच्या जाणिवेशी जोडलेलं रसायन, तपासलं. रोमांचाच्या क्षणी ते एका भागात स्रवलं. पण त्याआधीच, ती जागा येणार याची नुसती चाहूल लागताच, दुसऱ्या भागात स्रवू लागलं होतं. ही सगळी गाणी ऐकणाऱ्यांना पाठ होती. पाठ नसलेल्या गाण्याची चाहूल लागणार तरी कशी?