सीलर म्हणजे गोंद की वार्निश? डायमंड पेंटिंगवरच्या दोन थरांतला फरक

डायमंड पेंटिंग, म्हणजे चिकट कॅनव्हासवर प्लास्टिकचे बारीक खडे एकेक बसवून केलेलं चित्र, पूर्ण झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: आता यावर काय लावू? उत्तर मिळतं 'सीलर लाव', आणि घोळ तिथूनच सुरू होतो. सीलर या एकाच नावाने दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक पांढरट, दाटसर, ब्रशने लावायची. दुसरी डब्यातून फवारायची. दोन्ही वाळल्यावर पारदर्शक होतात, दोन्ही ग्लॉस आणि मॅट अशा मिळतात, म्हणून जे हाताशी लागेल ते वापरलं जातं. पण पहिली वस्तू मुळात गोंद आहे आणि दुसरी वार्निश. गोंद खडे धरून ठेवतो, वार्निश वरून झाकतं.

एका चित्राच्या कोपऱ्यातले खडे सुटत होते म्हणून मी एकदा त्यावर स्प्रेचे तीन हात दिले. कोपरा छान तकाकला. खडे मात्र पुढच्याच आठवड्यात फ्रेमच्या तळाशी सापडले. चूक स्प्रेची नव्हतीच. धरून ठेवणं हे त्याचं काम नाही.

ब्रशचा सीलर बहुतेक वेळा पीव्हीएचा, म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा असतो. शाळेतला पांढरा गोंद त्याच कुळातला. तो खड्यांमधल्या फटींत उतरतो, त्यातलं पाणी उडून जातं आणि मागे एक लवचीक पापुद्रा उरतो. हा पापुद्रा खड्याला बाजूंनी पकडून कॅनव्हासला बांधतो. म्हणजे सगळी मदार फटींवर. गोल खडे साधारण २.८ मिलिमीटरचे असतात आणि कितीही दाटीने लावले तरी चार खड्यांच्या मध्ये जागा राहतेच, त्यामुळे तिथे गोंदाला चांगली पकड मिळते. चौकोनी खडे २.५ मिलिमीटरचे. ते नीट ओळीत बसले असतील तर मधली फट केसाएवढी, आणि गोंद आत न जाता वरच पसरतो. गंमत अशी की ज्या चित्राला सीलरची गरज सगळ्यात कमी, त्यावरच तो सगळ्यात वाईट दिसतो.

वाईट का दिसतो, ते समजून घेण्यासारखं आहे. खड्याची सगळी चकाकी त्याच्या पैलूंमुळे असते. प्रत्येक पैलू वेगळ्या कोनात कललेला, म्हणून चित्रासमोरून चालत गेलं की एकामागून एक खडे लुकलुकतात. हे घडतं हवा आणि खडा जिथे भेटतात त्या पृष्ठभागावर. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचं माप, जवळपास १, खड्याच्या प्लास्टिकचा १.५ च्या आसपास. या तफावतीमुळे प्रकाश तिथून परततो. वाळलेल्या गोंदाचा अपवर्तनांकही १.५ च्या जवळचाच. जाड थर दिला की पैलूंमधले खोलगट भाग भरून निघतात, वर एक सपाट पृष्ठभाग तयार होतो आणि खालचा पैलू प्रकाशाच्या लेखी उरतच नाही. काचेचा मणी तेलात टाकला की जवळजवळ दिसेनासा होतो, तोच हा प्रकार. म्हणून गोंद ओतायचा नाही. ब्रश जवळपास कोरडा ठेवून गोंद फटींत दाबायचा आणि खड्यांच्या माथ्यावर आलेला किंचित ओल्या कापडाने लगेच टिपून घ्यायचा.

स्प्रेचा थर फार पातळ असतो, त्यामुळे पैलूंच्या कडा बऱ्याचशा शाबूत राहतात. चकाकी टिकवायची तर स्प्रे बरा, पण ग्लॉसचाच. मॅट वार्निशमध्ये अतिसूक्ष्म सिलिका मिसळलेली असते. तिचं कामच प्रकाश विखुरण्याचं. एकेक खडा लावत महिनाभर बसायचं आणि शेवटी मॅटचा हात मारायचा, हे मला कधी कळलेलं नाही. चेहऱ्याच्या चित्रावर दिव्याची तिरीप पडून डोळे दिसेनासे होत असतील तर गोष्ट वेगळी. इंद्रधनुषी झाक असलेले एबी खडे मात्र दोन्ही सीलरांखाली मंदावतात. त्यांची जादू वरच्या अगदी पातळ लेपात असते. असे खडे बरेच असतील तर काहीही न लावलेलं उत्तम.

स्प्रेचे स्वतःचे नखरे आहेत. त्यात द्रावक असतं, आणि ॲसिटोनसारखी द्रावकं प्लास्टिक मऊ करतात. जवळून, ओलाचिंब थर बसला तर खड्यांवर धुरकट डाग उमटू शकतात. डबा २५ ते ३० सेंटीमीटर लांब धरायचा, हात थांबवायचा नाही, पहिला थर नुसता तुषारांसारखा द्यायचा. दमट हवेत फवारणी टाळायची, कारण द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि चित्रावर पांढुरकी साय आल्यासारखी दिसते. वाफारा ज्वालाग्राही असतो. खिडक्या उघड्या, मास्क लावलेला, आसपास शेगडी नाही, एवढं पाळायलाच हवं.

दमटपणा गोंदालाही मानवत नाही. वाळलेला पीव्हीए ओलाव्याने पुन्हा चिकट होऊ शकतो, म्हणून अशी दोन चित्रं तोंडाला तोंड लावून ठेवू नयेत. शिवाय हाताला कोरडं लागणं वेगळं आणि आतून पक्कं होणं वेगळं. मॉड पॉज या जुन्या सीलर-गोंदाचे उत्पादकच पूर्ण पक्कं व्हायला सुमारे ४ आठवडे धरायला सांगतात. दोन्ही वापरायचे असतील तर आधी गोंद, मग ही सगळी वाट पाहणं, मग स्प्रे. घाई केली की अडकलेलं पाणी थराखाली ढगासारखं दिसत राहतं.

उन्हाने रंग उडण्यावर गोंदाचा काही उपयोग नाही. अतिनील किरण शोषणारे घटक असलेलं वार्निश मिळतं, त्याने वेग कमी होतो. तरी थेट ऊन पडणारी भिंत टाळलेली बरी.

काहीही लावण्याआधी चित्रावरून लाटणं फिरवून वर जड पुस्तकं रचावीत आणि एक दिवस तसंच ठेवावं. सैल वाटणारे बरेच खडे एवढ्यानेच बसतात. खडे उचलायच्या पेनातल्या मेणाचे कण खड्यांवर राहिलेले असतात, ते पुसून घ्यायचे. सीलरखाली गेले की तिथे कायमचा धूसर ठिपका. मग कॅनव्हासच्या मोकळ्या कडेवर उरलेले दहा-बारा खडे चिकटवून सीलर आधी त्यांच्यावर लावून पाहायचा.

आणि चित्र काचेच्या फ्रेममध्ये जाणार असेल, खडे घट्ट असतील, तर दोन्ही बाटल्या बाजूला ठेवा. धूळ काच अडवेल. फ्रेम व्हायला वेळ असेल तर चित्र सपाट ठेवावं. गुंडाळावंच लागलं तर खडे बाहेरच्या बाजूला ठेवून सैल गुंडाळायचं, कारण आतल्या बाजूला आले की ते एकमेकांना रेटून उडतात.