उन्हातली पावडर आणि बोअरचे फ्लोराइड

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा, झरी जामणी भागात बोअरच्या पाण्यातील फ्लोराइडचा विषय निघाला की, धातुमिश्रित टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर टाकून पाणी उन्हात ठेवले म्हणजे ते पिण्याजोगे होते, असे ठामपणे सांगणारे कोणी ना कोणी भेटतेच. हे खरे नाही.

साधा टायटॅनियम डायऑक्साइड प्रामुख्याने सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील किरण शोषतो आणि उन्हात त्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के असतो. म्हणून त्याच्या स्फटिकात लोह, तांबे अशा धातूंचे मोजके अणू बसवून त्याला दृश्य प्रकाशातही कामाला लावतात. प्रकाश पडताच तयार होणारे हायड्रॉक्सिल मूलक (ऑक्सिजन-हायड्रोजनचे अतिशय क्रियाशील कण) रंगद्रव्यांचे किंवा कपाशीवर फवारलेल्या कीटकनाशकांचे कार्बनी रेणू तोडतात. मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याचे निळे द्रावण त्यामुळे डोळ्यांदेखत फिके पडते, मात्र रंग गेला तरी रेणूचे तुकडे पाण्यात उरलेले असू शकतात. फ्लोराइड तर मुळात एका अणूचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू. त्यात तोडायचे काय? विदर्भातील पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यातील, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागातील, क्षारांचेही तेच.

धातू जितका जास्त तितका गुण जास्त, हाही गैरसमजच: प्रमाण ओलांडले की तेच अणू प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन पुन्हा जिरवू लागतात. फ्लोराइड काढायला सक्रियित ॲल्युमिना (फ्लोराइड धरून ठेवणारे सच्छिद्र ॲल्युमिनियम ऑक्साइड) किंवा आरओ (दाबाखाली बारीक पडद्यातून पाणी गाळणे) यांसारखी पद्धत लागते.