मांबा पाळणाऱ्याची लस कुणाच्या फ्रिजमध्ये?

जून २०२१ मध्ये अमेरिकेतल्या रॅले शहरात एका घराच्या ओसरीवर झेब्रा कोब्रा दिसला. नामिबिया-अंगोलाकडचा, विष थुंकणारा नाग. जवळच केरीत राहणारा माझा आतेभाऊ तो सापडेपर्यंत बूट झटकून घालत होता, लहानपणी गुहागरला आजोळी घालायचा तसे. आत्याने इथून फोनवर सल्ला दिला, दारात दूध ठेव! (साप दूध पीत नाही. नागपंचमीला पिताना दिसतो तो उपाशी-तहानलेला ठेवलेला असतो म्हणून.)

दोन दिवसांनी नाग पकडला गेला. निसटल्याची खबर दिली नाही म्हणून मालकावर गुन्हा नोंदला गेला. तरी आतेभावाचं म्हणणं एकच. "नॉर्थ कॅरोलायनात विषारी साप पाळायला परवाना लागत नाही. पेटी पक्की बंद हवी, वर सापाचं नाव वगैरे हवं, बस. त्याचा जीव, त्याची मर्जी."

मी त्याला त्याच वर्षीच्या मार्चची आठवण दिली. याच मालकाला त्याच्याच हिरव्या मांबाने (हा आफ्रिकेतला विषारी साप) चावा घेतला होता आणि प्रतिसर्पविष, म्हणजे सर्पदंशावरची लस, आणावं लागलं शेजारच्या साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियाच्या प्राणिसंग्रहालयातून. एवढ्या मोठ्या देशात इस्पितळाला लस प्राणिसंग्रहालयाकडे का मागावी लागते? इथेच खरी गंमत आहे.

नसेतून संदेश स्नायूपर्यंत पोचला की नसेच्या टोकातून अ‍ॅसिटाइलकोलिन नावाचं रसायन सुटतं, मधली बारीकशी फट ओलांडून स्नायूवरच्या ग्राहीत बसतं आणि स्नायू आखडतो. काम झालं की एक विकर (एन्झाइम) ते रसायन झाडून टाकतं. नाग काय करतो? त्याच्या विषातलं प्रथिन थेट ग्राहीवरच बूड टेकून बसतं. कुलपात आधीच भलती किल्ली अडकलेली. खरी किल्ली आत जाणार कशी? स्नायू लुळे पडतात, पापण्या मिटायला लागतात, शेवटी श्वास थांबतो.

मांबाची तऱ्हा बरोबर उलटी. नसेतला विद्युत-संदेश थांबण्यासाठी पोटॅशियमचे आयन पेशीबाहेर पडावे लागतात. मांबाच्या विषातलं डेन्ड्रोटॉक्सिन त्यांच्या बाहेर पडायच्या वाहिन्यांनाच बूच मारतं. संदेश लांबतो, टोकात कॅल्शियम शिरत राहतं, अ‍ॅसिटाइलकोलिन सुटतच राहतं. नळ बंदच होत नाही म्हणा ना. त्यात हिरव्या मांबाचं फॅसिक्युलिन झाडणाऱ्या विकराचेच हात बांधून ठेवतं. स्नायू थरथरतात, फडफडतात. आणि मौज अशी, की फॅसिक्युलिनची घडण नागाच्या विषप्रथिनासारखीच आहे, तीन बोटं पसरल्यासारखी. घडण एक, कामं दोन.

घोड्याला विषाचे चढते डोस टोचून लस करतात तेव्हा त्याचं रक्त प्रतिपिंडं बनवतं ती टोचलेल्या प्रथिनांच्या नेमक्या आकारांविरुद्ध. जवळच्या भाईबंदांवर ती थोडीफार चालतात, पण भरवसा नाही. आपलं भारतीय प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनतं. डेन्ड्रोटॉक्सिन त्या घोड्याने कधी पाहिलेलंच नाही. मांबा कशाला, सह्याद्रीतल्या चापड्याच्या विषासाठीही ती लस बनलेली नाही.

शिवाय हिशेब बघा. आपली १० मिलीची एक कुपी घोणसाचं सुमारे ६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. घोणस एका चाव्यात सरासरी साठेक मिलिग्रॅम सोडतो. म्हणजे एका माणसाला सुरुवातीलाच दहाएक कुप्या. (चावूनही साप कधी कधी विष सोडतच नाही. मांत्रिकांचा बराचसा लौकिक त्या कोरड्या चाव्यांवर चालतो.)

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे नाग-घोणस घरी पाळता येत नाहीत, तरी 'सर्पमित्र' म्हणवून बरण्यांत ठेवणारे आणि रीलसाठी फण्याचा मुका घेणारे आहेतच. फ्लोरिडात परवान्याआधी १००० तासांचा अनुभव दाखवावा लागतो. ते मला पटतं. पण हजार तासांनी हात सराईत होईल, कुपी तयार होत नाही.

परदेशी सापांच्या लशी अमेरिकेतली प्राणिसंग्रहालयं मुख्यतः आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आणून ठेवतात. रोज सकाळी पिंजऱ्यात चिमटा घालणाऱ्या माणसाच्या त्या कुप्या. आतेभावाला मी विचारलं, त्यातल्या संपल्या तर त्या माणसाने कुणाच्या मर्जीवर पिंजरा साफ करायचा?

"मुदत संपत असेल त्यांची," तो म्हणाला.