बटण सेल आणि पेन्सिल सेल: व्होल्ट तेच, मग माळ का जळते?

रुखवताच्या टेबलावर आता दिव्यांशिवाय फारसं काही मांडलं जात नाही. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर असो, बाटलीतली बाग असो की सप्तपदीच्या सुपाऱ्या, आत कुठेतरी एलईडीची बारीक माळ लागतेच. दिवाळीत तीच माळ छोट्या आकाशकंदिलात आणि पोरांच्या किल्ल्यावर जाते. कोल्हापुरात मातीचा पन्हाळा करायचा तर त्याच्या तीन दरवाजातून उजेड यायलाच हवा, त्यात तडजोड नाही.

या माळा दोन तऱ्हेच्या सेलवर चालतात. एक घड्याळात किंवा वजनकाट्यात असतो तो चपटा बटण सेल, सीआर २०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, तोच आकडा नावात आहे. दुसरा रोजचा पेन्सिल सेल. एका बटण सेलवर ३ व्होल्ट लिहिलेलं असतं, दोन पेन्सिल सेल एकापुढे एक लावले की त्यांचेही ३ व्होल्टच होतात. आकडा जुळला म्हणून हा काढून तो लावला तरी चालेल, असं बहुतेकांना वाटतं. घोळ इथेच होतो.

बटण सेलवरच्या तयार माळेचा डबा उघडून बघा. आत दोन बटण सेल एकापुढे एक असतात, म्हणजे ६ व्होल्ट. बऱ्याच स्वस्त डब्यांत रेझिस्टर, म्हणजे करंटला आवर घालणारा छोटा तुकडा, नावालाही नसतो. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट पुरतात. त्याला दुप्पट व्होल्ट देऊनही माळ जळत नाही, लग्न उरकेपर्यंत शांतपणे चालते. पण सेल लवकर उतरतात म्हणून कुणीतरी हुशारीनं चार पेन्सिल सेलचा डबा जोडतं. सहाला सहा, हिशोब बरोबर. माळ एकदम डोळे दिपवते, मग निळसर पडते, तापते आणि बघता बघता एकेक दिवा जातो.

व्होल्टचा आकडा नुसता दाब सांगतो. तो दाब टिकवून सेल करंट किती देऊ शकतो, हे सेलच्या आतल्या रोधावर ठरतं, आणि तो रोध वेष्टनावर कुणी छापत नाही. उसाच्या रानात एकाच उंचीवर दोन टाक्या ठेवल्या, एकीला ठिबकची नळी लावली आणि दुसरीला तीन इंची पाइप, तर पाण्याची उंची सारखी असूनही पाटात काय फरक पडेल ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

आता आकडे घालून बघू. नव्या बटण सेलचा आतला रोध ढोबळमानानं १० ते २० ओहम असतो आणि सेल उतरत जाईल तसा वाढतो. दोन सेलचे मिळून ३० ओहम धरा. वीस दिव्यांची माळ १०० मिलिअँपिअर ओढू लागली, तर ३ व्होल्ट सेलच्या आतच खर्ची पडतात आणि दिव्यांना उरतात ३. म्हणजे रेझिस्टर आहेच, फक्त तो सेलच्या पोटात आहे. अल्कलाइन पेन्सिल सेलचा रोध ०.२ ओहमच्या आसपास असतो. चार सेलचे मिळून एक ओहमसुद्धा भरत नाहीत. तेवढ्याच करंटला तिथे एक दशांश व्होल्टही कमी होत नाही, उरलेला सगळा दाब थेट दिव्यांवर जातो. लाल वेष्टनाचा साधा झिंक-कार्बन सेल अल्कलाइनपेक्षा थोडा सुस्त असतो, पण दिवे वाचवण्याइतका नाही.

व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर इथे फसवतो. जवळजवळ संपलेला बटण सेलही मोकळ्या मापात ३ च्या जवळपास दाखवतो, कारण मीटर त्याच्याकडून काही ओढतच नाही. दिवा जोडलेला ठेवून माप घ्या, मग खरं कळतं.

थोडक्यात, पेन्सिल सेल वापरायचे तर रेझिस्टर बाहेरून घालायचा. सूत्र शाळेतलंच आहे: सेलच्या व्होल्टमधून दिव्याचे व्होल्ट वजा करा आणि करंटनं भागा. पांढऱ्या दिव्यांना मी तीन पेन्सिल सेलचा डबा घ्या म्हणेन. दोनचे ३ व्होल्ट सुरुवातीला पुरतात, पण सेल जरा उतरले की उजेड मरतो. तीनचे ४.५. दिव्याचे ३ वजा केले की उरतात १.५. कागदाच्या कंदिलाला एका दिव्यामागे ५ मिलिअँपिअर भरपूर झाले, त्यामुळे उत्तर येतं ३०० ओहम. बाजारात सहज मिळतो ३३०, त्याच्यावरचे रंगीत पट्टे नारिंगी, नारिंगी, तपकिरी. दर दिव्याला आपला एक. दहा दिव्यांना मिळून ४५ मिलिअँपिअर लागतील आणि २००० मिलिअँपिअर-तासांच्या अल्कलाइन सेलवर माळ चाळीस तासांच्या घरात चालेल. तीन सेल लावले म्हणून तास तिप्पट होत नाहीत. एकापुढे एक लावलं की फक्त व्होल्ट वाढतात, साठा एकाच सेलचा राहतो.

बटण सेलचा साठा २२० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास, तोही हळूहळू, अगदी थेंबाथेंबानं वापरला तर. दहा दिवे लावले की पहिल्या तासातच उजेड उतरताना दिसतो. पण वजन बघा: बटण सेल ३ ग्रॅम, पेन्सिल सेल २० ग्रॅमच्या वर. शुभेच्छापत्रात, फेट्याच्या तुऱ्यात किंवा क्विलिंगच्या नाजूक कंदिलात तीन पेन्सिल सेलचा डबा लटकवला तर वस्तूच वाकते. एकच दिवा असेल तर बटण सेलला तोड नाही: एलईडीच्या दोन पायांमध्ये सेल धरायचा, लांब पाय अक्षरं छापलेल्या बाजूला, वरून टेप. वायरच लागत नाही. फक्त बटण सेलला थेट सोल्डर करू नका, उष्णतेनं तो खराब होतो आणि फुटूही शकतो. होल्डर स्वस्त मिळतो.

रंगांचं दुखणं बटण सेलवर असतंच, आणि पेन्सिल सेलवर सगळ्या दिव्यांना मिळून एकच रेझिस्टर लावला तर तिथेही तेच. किल्ल्यात दहा पांढरे दिवे आहेत आणि भवानीच्या देवळात एक लाल हवा, म्हणून तो त्याच दोन तारांवर जोडला की पांढरे सगळे मालवतात. लाल एलईडी साधारण २ व्होल्टलाच करंट घ्यायला लागतो आणि तारांवरचा दाब तिथेच धरून ठेवतो. ३ व्होल्ट मागणाऱ्या पांढऱ्यांना काही उरत नाही. उतारा तोच, प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर. दोन पेन्सिल सेलवर एकटा लाल लावायचा असेल तर १०० ओहम पुरे. रेझिस्टरशिवाय लावला तर तो टिकणार नाही. एका बटण सेलवर मात्र तोच लाल दिवा बिनरेझिस्टरचा चालून जातो.

माळेची तार म्हणाल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटारी भरणाऱ्यांकडची वायंडिंगची बारीक तांब्याची तार उत्तम, दिसतही नाही. तिच्यावर इनॅमलचा थर असतो. टोकं पॉलिश पेपरनं खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही. जिथे खरवडाल तिथे दोन तारा एकमेकींना लागणार नाहीत असं बघा. बटण सेल शॉर्ट झाला तर जरा कोमट होऊन मरतो. पेन्सिल सेल शॉर्ट झाले तर काही अँपिअर वाहतात, केसाएवढी तार लालबुंद होते आणि भोवती कापूस, थर्माकोल, क्रेप कागद असतो.

जिवाचा धोका मात्र बटण सेलचाच जास्त. रांगतं मूल घरात असेल तर स्क्रूनं बंद होणाराच डबा घ्या. २० मिलिमीटरचा हा सेल अन्ननलिकेत अडकला तर त्याच्या करंटनं दोन तासांच्या आत आत गंभीर भाजतं, आणि त्याला सेल फुटावा लागत नाही. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवायची नाही, थेट मोठ्या दवाखान्यात जायचं आणि एक्स-रे काढायला सांगायचं. उतरलेला सेलही तितकाच वाईट: दिवा पेटवण्याइतका दम नसला तरी भाजण्याइतका असतो. म्हणून माळेतून काढलेले बटण सेल दोन्ही बाजूंनी टेप लावूनच टाका, टीव्हीवरच्या वाटीत नको.