यंदाची ओल बागेला किती पुरेल? संत्रा बागायतदारांसाठी माहितीपत्रक

एप्रिल अर्धा उलटला की आमच्या नागपूरच्या दुकानात ठिबकच्या नळ्या घ्यायला आलेला माणूस आधी विचारतो, "भाऊ, यंदा पाऊस कसा सांगितला?" काटोल, नरखेड, सावनेर, वरुड, मोर्शी हा सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा. इथली बाग चार महिन्यांच्या पावसावर आणि विहिरीच्या झऱ्यावर उभी आहे, तेव्हा हे विचारणे रास्तच आहे. अंदाजातून बागेसाठी काय ठरवता येते आणि काय येत नाही, ते या पत्रकात सांगतो.

हवामान विभागाचा पहिला हंगामी अंदाज एप्रिलच्या मध्यास येतो, सुधारित अंदाज मे अखेरीस. बातम्यांत जी टक्केवारी झळकते ती साऱ्या देशाच्या जून ते सप्टेंबरच्या पावसाची असते. 1971 ते 2020 या काळातली सरासरी 87 सेंटीमीटर धरून ती काढतात, आणि 96 ते 104 टक्के पाऊस सर्वसाधारण मानतात. पाऊस घटवतो असे मानल्या जाणाऱ्या एल निनोचे नाव ऐकून घाबरून जाणारे बरेच जण भेटतात. 1997 साली एल निनो जबरदस्त होता, तरी देशात सरासरीपेक्षा थोडा जास्तच पाऊस झाला. उलट 2023 साली हंगामाचा आकडा 94 टक्के होता, म्हणजे ऐकायला फार वाईट नाही. पण त्या वर्षीचा ऑगस्ट 1901 पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. बागेचे नुकसान पावसाच्या अशा खंडाने होते, आणि खंड कोणत्या पंधरवड्यात पडेल ते एप्रिलचा अंदाज सांगत नाही.

नकाशातल्या हिरव्या रंगाचेही तसेच आहे. विभाग किंवा जिल्हा हिरवा दिसला म्हणजे पाऊस सरासरीच्या 19 टक्के खाली ते 19 टक्के वर यात कुठेतरी आहे. सोप्या हिशेबासाठी तुमच्या गावाचा हंगामी पाऊस 900 मिलिमीटर धरा. 19 टक्के कमी म्हणजे 171 मिलिमीटर कमी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. 6 बाय 6 मीटरवर लागवड असेल तर एका झाडाच्या वाट्याला 36 चौरस मीटर जागा येते. म्हणजे नकाशा हिरवाच राहिला तरी झाडामागे सहा हजार लिटरहून जास्त पाणी कमी पडलेले असू शकते.

म्हणून हंगामी अंदाजापेक्षा दर गुरुवारी येणारा पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज आणि मंगळवार-शुक्रवारची कृषी हवामान पत्रिका जास्त कामाची, असे आमचे मत आहे. बांधावर स्वतःचे पर्जन्यमापकही असू द्या. फळपीक विम्याचा हिशेब महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावरून होतो, पण मंडळात पडलेली सर तुमच्या शिवारात पडलीच असेल असे नाही.

आता बहाराचे, म्हणजे झाड कोणत्या हंगामात फुलवायचे त्याचे. खरा निर्णय इथेच असतो. फुले येण्यासाठी काही आठवडे पाणी तोडतात, तो ताण. मृग बहाराचा ताण एप्रिल-मेमध्ये बसतो आणि जूनच्या पावसावर तुटतो. मधेच वळवाची जोरदार सर आली की ताण अर्धवट राहतो आणि फुलांची फूट मागे-पुढे होते. मृगाचा पाऊस लांबला तर ताण तोडायला विहिरीचे पाणी हाताशी लागते. आंबिया बहाराचा ताण डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत. यात फळ झाडावर असताना अख्खा मे काढावा लागतो, म्हणून आंबिया धरायचा की नाही हे ऑक्टोबरच्या विहिरीला विचारा. 2019 च्या उन्हाळ्यात या पट्ट्यातल्या कितीतरी बागा वाळल्या, काहींवर कुऱ्हाड चालवावी लागली. ते पाहिल्यापासून आम्ही ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला आवर्जून सांगतो.

विहिरीला विचारायचे म्हणजे मोजायचे. संध्याकाळी मोटर बंद करताना दोरीला गाठ मारून पाण्याची पातळी घ्या, सकाळी मोटर सुरू करण्याआधी पुन्हा घ्या. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत रात्रीतून एक मीटर पाणी भरले तर ते सुमारे 28 हजार लिटर होते. हेक्टरी 277 झाडे धरली तर झाडामागे जेमतेम 100 लिटर, आणि मे महिन्यात मोठ्या भरल्या झाडाला तेवढे पुरत नाही. ऑक्टोबरातच झरा इतका मंद असेल तर सगळ्या बागेवर आंबिया धरू नका. जेवढ्या झाडांना जूनपर्यंत पाणी देता येईल तेवढ्यांवरच धरा, किंवा फळे विरळ करा. नवा बोअर हा यावरचा उपाय नाही. वरुड-मोर्शीकडे जमिनीखालचे पाणी आधीच भरतीपेक्षा जास्त उपसले जाते.

जमिनीप्रमाणे ताणाची मुदत बदलते. टेकडीकडच्या मुरमाड हलक्या जमिनीत झाड लवकर मलूल होते. नदीकाठच्या भारी काळ्या जमिनीत वर बोटभर भेगा पडलेल्या असतात आणि फूटभर खाली ओल तशीच असते, त्यामुळे दीड महिना पाणी तोडूनही कधीकधी ताण बसत नाही. दिवस मोजत बसण्यापेक्षा पाने निस्तेज होऊन साधारण पाव भाग गळाली का ते पाहा, आणि खाली ओल किती उरली ते तपासा.

त्यासाठी आम्ही टेन्शिओमीटर हे ओल पाहायचे यंत्र देतो. नळीच्या तळाशी सच्छिद्र मातीची टोपी, वर काटा. काटा शून्याजवळ असेल तर जमीन चिंब आहे, 10 ते 30 च्या दरम्यान असेल तर वाफसा आहे, म्हणजे चिखलही नाही आणि कोरडही नाही. तिथून तो जसा चढतो तशी मुळांना पाणी ओढायला जास्त ताकद लागते. संत्र्याची बहुतेक खाती मुळे वरच्या दीड फुटात असतात, म्हणून एक नळी 30 सेंटीमीटरवर आणि दुसरी 60 वर लावा. वरचा काटा चढलेला आणि खालचा वाफशावरच थांबलेला दिसला तर भारी जमिनीत ताण अजून बसलेला नाही. लावण्याआधी टोपी रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, नळीत उकळून गार केलेले पाणी भरा आणि भोकात मातीचा पातळ चिखल ओतून नळी घट्ट बसवा. टोपीभोवती पोकळी राहिली तर काटा खोटे बोलतो.

या यंत्राची मर्यादाही विकण्याआधीच सांगतो. 80 च्या पुढे नळीत हवा शिरते आणि वाचन निरुपयोगी होते. भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत टोपीचा मातीशी संबंध सुटतो. तुमची जमीन तशी असेल तर ऐन ताणात काट्यावर विसंबू नका, गिरमिटाने 60 सेंटीमीटरवरची माती काढून मुठीत दाबून पाहा. तिचा गोळा होत असेल तर ओल शिल्लक आहे. अशा जमिनीसाठी यंत्र घ्यायला आलात तर आम्ही आधी गिरमिटच हातात देऊ.

आच्छादनाला सोयाबीनचे कुटार चालते, फक्त ते खोडाला टेकू देऊ नका. पाणीही खोडाला लागणार नाही अशा दुहेरी आळ्यातूनच द्या, नाहीतर डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येतो.

दुकानात येताना दोन गोष्टी आणा: 30 आणि 60 सेंटीमीटरवरची मूठभर माती वेगवेगळ्या पिशव्यांत, आणि विहिरीच्या संध्याकाळ-सकाळच्या पातळीचे आकडे. बागेत किती झाडांवर बहार झेपेल याचा हिशेब आम्ही तुमच्यासमोर बसून करून देतो. खरेदी केली नाही तरी त्याचे पैसे घेत नाही. यंत्र घेतले तर पहिल्या वाफशाला आमचा माणूस बागेत येऊन वाचन तपासून जाईल.