जिल्हा युवा पुरस्कार: काम असूनही प्रस्ताव बाद का होतो

ओढ्याकाठी लावलेली झाडं तीन उन्हाळे जगवणारी, वस्तीवर अभ्यासवर्ग चालवणारी, गावातला कचरा वेगळा करायला लावणारी मुलंमुली या पुरस्कारासाठी प्रस्ताव देतात आणि एखाद्या दाखल्यावर अडकतात. म्हणून इथे अडकण्याच्या जागांबद्दलच जास्त लिहिलं आहे.

आधी थोडक्यात. महाराष्ट्र शासनाच्या युवा धोरणानुसार प्रत्येक जिल्ह्यातून एक युवक, एक युवती आणि एक नोंदणीकृत संस्था यांना हा पुरस्कार मिळतो. युवक-युवतीला गौरवपत्र, सन्मानचिन्ह आणि रोख १०,००० रुपये. संस्थेला ५०,००० रुपये. समाजसेवा, पर्यावरण, आरोग्य, शिक्षण, व्यसनमुक्ती, स्वच्छता, महिला सक्षमीकरण, साहस ही सगळी कामं चालतात. अर्जाचा नमुना जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळतो आणि प्रस्तावही तिथेच द्यायचा असतो.

पहिली चूक वयाची. किती वर्षांपासून किती वर्षांपर्यंत हे पुरस्काराच्या जाहीर पत्रकात छापलेलं असतं आणि ते सगळे वाचतात. तारखा मात्र कोणी वाचत नाही. किमान वय पुरस्कार वर्षाच्या १ एप्रिलला पूर्ण झालेलं हवं, कमाल वय त्याच वर्षाच्या ३१ मार्चला ओलांडलेलं नको. म्हणजे पुरस्कार २०२४-२५ चा असेल तर १ एप्रिल २०२४ आणि ३१ मार्च २०२५. अर्ज भरण्याच्या दिवशी तुमचं वय किती आहे याला इथे अर्थ नाही. शासन कधी कधी दोन-तीन वर्षांचे राहिलेले पुरस्कार एकदम जाहीर करतं. तेव्हा ‘आता माझं वय उलटलं’ म्हणून पात्र मुलं घरी बसतात. तुम्ही कोणत्या वर्षासाठी पात्र आहात ते मोजा आणि ते वर्ष प्रस्तावावर ठळक लिहा. मागच्या तीन वर्षांचं काम तपासतात, ती तीन वर्षंही पुरस्कार वर्षावरूनच धरायची.

दुसरी अडचण वास्तव्याची. अर्जदार त्या जिल्ह्यात सलग पाच वर्षं राहणारा असावा लागतो. तहसीलचं अधिवास प्रमाणपत्र जोडून बरेच जण निर्धास्त होतात, पण ते तुम्ही महाराष्ट्राचे रहिवासी आहात हे सांगतं, या जिल्ह्यात पाच वर्षं राहिलात हे नाही. त्यासाठी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा रहिवासी दाखला घ्या आणि त्यात ‘अमुक वर्षापासून’ हे शब्द आहेत ना ते तिथेच उभं राहून वाचा. सोबत रेशनकार्ड. शिक्षणासाठी दुसऱ्या जिल्ह्यात खोली घेऊन राहणाऱ्यांनी घरचा पत्ता सगळ्या कागदांवर एकच ठेवावा. आधारवर एक गाव आणि दाखल्यावर दुसरं, असं झालं की शंका निघतेच.

चारित्र्याचा दाखला पोलिसांचा लागतो. शाळा-कॉलेजचा किंवा सरपंचांचा चालत नाही. अर्ज, ठाण्यात पडताळणी, मग दाखला यात दिवस जातात आणि पत्रक निघाल्यावर मुदत हातात फार थोडी उरते. मुलांनी तीन-तीन वर्षं काम करायचं आणि जाहिरात स्थानिक पेपरच्या कोपऱ्यात काही दिवस आधी यायची, हे बदलायला हवं. ते बदलेपर्यंत दाखल्याचा अर्ज पत्रकाची वाट न बघता करून ठेवा.

आता पुराव्यांकडे. खरी निवड इथे होते. वृत्तपत्रातली कात्रणं, प्रशस्तिपत्रं, फोटो, चित्रफिती जोडायला सांगतात, आणि मुलं पन्नास फोटोंची फाइल करतात. त्यातले निम्मे ५ जूनचे, पर्यावरण दिनाला हातात रोप धरलेले. त्यावरून रोप लावलं हे कळतं, जगलं की नाही ते कळत नाही. त्याऐवजी ग्रामपंचायतीचं पत्र घ्या: जावक क्रमांक, तारीख, गट नंबर, किती रोपं लावली, पुढच्या वर्षी किती जिवंत होती. पत्रात तुमचं नाव हवं. ‘गावातील युवकांनी’ असं लिहिलेलं पत्र तुमच्या उपयोगाचं नाही. फोटो त्याच जागेचे, वर्षावर्षाच्या अंतराने, खाली तारीख लिहून. कचऱ्याचं काम असेल तर भंगारवाल्याच्या किंवा काट्यावरच्या वजनाच्या पावत्या. कात्रणावर पेपरचं नाव आणि तारीख दिसायला हवी. नुसती कापलेली बातमी ग्राह्य धरायला कोणी बांधील नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेचं प्रमाणपत्र जरूर जोडा, पण त्यावर सगळा भार टाकू नका. २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर हजारो विद्यार्थी पूर्ण करतात. तुम्ही स्वतःहून काय उभं केलं, ते वेगळं दाखवावं लागतं.

संस्थेसाठी १८६० चा संस्था नोंदणी कायदा किंवा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा यांखाली नोंदणी आणि नोंदणीनंतर किमान पाच वर्षांचं काम लागतं. नोंदणी नसलेल्या तरुण मंडळाने संस्था गटात वेळ घालवू नये; ज्याने काम पुढे नेलं त्याने वैयक्तिक अर्ज करावा. नोंदणी असलेल्यांची अडचण निराळी: अध्यक्ष बदलले, पण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज मंजूर नाही. मग सही एकाची आणि दप्तरी नाव दुसऱ्याचं. आधी ते मिटवा.

सरकारी-निमसरकारी कर्मचारी आणि महाविद्यालय-विद्यापीठातले प्राध्यापक-कर्मचारी अपात्र. एका जिल्ह्यात पुरस्कार मिळाला असेल तर दुसऱ्या जिल्ह्यात अर्ज करता येत नाही. पुरस्कारानंतर किमान दोन वर्षं काम चालू ठेवीन, असं हमीपत्रही मागतात.

शेवटची तारीख म्हणजे प्रस्ताव कार्यालयात पोहोचण्याची तारीख. पोस्टावर विसंबू नका, स्वतः नेऊन द्या. पानांना क्रमांक घाला, पहिल्या पानावर कागदांची यादी लावा, पूर्ण संच झेरॉक्स करून ठेवा आणि यादीच्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्या. ‘नंतर या’ म्हणाले तर थांबा, पण पोच घेतल्याशिवाय निघू नका.